यंदा शाहीर कोणती गाणी म्हणणार?

मार्च महिना सरत आला की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील बौद्धवाड्यांतून दोन चर्चा सुरू होतात. पहिली जयंतीच्या वर्गणीची आणि दुसरी गायनपार्टीची. पहिली चर्चा गावशाखेच्या बैठकीत होते, तिची इतिवृत्तात नोंद होते, सह्या होतात. दुसरी चर्चा एस.टी. स्टँडवर, विहाराच्या पायरीवर, कचेरीत डबा खाताना आणि मुंबईहून आलेल्या फोनवर होते. तिची नोंद मात्र कोठेच होत नाही. ती नोंद व्हावी म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत.

वाचक बंधू-भगिनींनो, ही चर्चा आपण सर्वांनी ऐकली आहे. "खेडच्या कार्यक्रमात त्यांनी ते जुने गाणे घेतले म्हणे. मग आमच्या गावात का नाही घेतले?" "दापोलीला रमाईच्या गाण्यापासून सुरुवात केली आणि संगमेश्वरला तेच गाणे शेवटी ठेवले." "आता त्यांचा आवाज पूर्वीचा राहिला नाही हो." "आवाजाचे काय घेऊन बसलात? शब्द तर तेच आहेत ना!" चर्चेतील गायक दरवर्षी वेगळा असेल, पण बोलणे हेच असते. पंचवीस-तीस वर्षे ज्यांचा आवाज आपण ऐकत आलो, त्या ज्येष्ठ गायकाने यंदा कोणते गाणे घेतले आणि कोणते गाळले, याचा हिशेब आपला साधा माणूस चोख ठेवतो. दिवसभर हमाली करणारा, गवंड्याच्या हाताखाली काम करणारा, बंदरावर राबणारा आपला बांधव दहा वर्षांपूर्वी कोणत्या वाडीत कोणते गाणे झाले ते बिनचूक सांगतो. हा निव्वळ करमणुकीचा षोक आहे असे आम्हाला वाटत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके पाटी-पेन्सिलीपासून दूर ठेवण्यात आले, त्याने आपला इतिहास गाण्यात ठेवला. म्हणून कोणते गाणे मंचावर राहिले आणि कोणते उतरले, हा आपल्या इतिहासाचाच प्रश्न आहे.

यादी वहीत असते, निवड मंचावर होते

गायनपार्टीचा कार्यक्रम कसा उभा राहतो ते पाहू. प्रत्येक गायकाजवळ एक जाडजूड वही असते. तिच्यात शेकडो गाणी असतात. पण त्या रात्री कोणती गाणी घ्यायची ते मंचावर बसल्यावर ठरते. पेटीवर सूर धरला जातो, ढोलकी चढवली जाते, बेंजोवाला तार जुळवतो. तेवढ्या वेळात जाणता गायक समोरची माणसे पाहून घेतो. पुढे बायाबापड्या किती, मागे तरुण किती, मुंबईकर चाकरमानी आले आहेत की गावचीच माणसे आहेत, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही.

त्रिसरण-पंचशील झाल्यावर पहिले गाणे बुद्धाचे, मग बाबासाहेबांचे, ही रीत ठरलेली. पुढची वाट मात्र गावागणिक बदलते. आपल्या जिल्ह्यात रमाईचे गाणे घेतल्याशिवाय गायकाला उठता येत नाही. कारण दापोली तालुक्यातील वणंद हे रमाईचे माहेर. ७ फेब्रुवारी १८९८ चा तिचा जन्म. तिचे वडील भिकू धोत्रे दाभोळच्या बंदरात माशांच्या टोपल्या वाहत. बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले. म्हणजे या जिल्ह्याला रमाई ही लेकही आणि सूनही. विदर्भात किंवा मराठवाड्यात रमाईचे गाणे आदराने ऐकले जाते. आपल्याकडे ते गाणे लागले की बाया पदराने डोळे पुसतात, जणू घरातल्याच कोणाची गोष्ट चालली आहे. जाणता गायक हे ओळखून दापोली-मंडणगडकडे रमाईचे गाणे आधी घेतो. महाडच्या वाटेवर, २० मार्चच्या सुमारास, चवदार तळ्याचे गाणे वर येते. भाद्रपदात वर्षावासाच्या कार्यक्रमात संथ चालीची बुद्धगीते येतात.

वयाचाही यात भाग आहे. तरुणपणी काळी चार किंवा काळी पाचच्या पट्टीत गाणारा गायक साठी ओलांडल्यावर खाली उतरतो. मग उंच सुरांची दोन गाणी तो लागोपाठ घेत नाही. मध्ये कोरसला काम असलेले गाणे घालतो, तेवढीच छातीला विश्रांती. श्रोत्यांना वाटते की गाण्यांचा क्रम बदलला, पण खरे पाहता गायक आपला श्वास वाचवीत असतो. हे ज्याच्या ध्यानात येते तो "आवाज गेला" असे म्हणणार नाही. आहे त्या आवाजात रात्र कशी निभावून नेतात, हे तो शिकून घेईल.

वामनदादांची वाट

गाण्यांची निवड प्रसंग पाहून कशी करावी याचा वस्तुपाठ महाकवी कालकथित वामनदादा कर्डक यांनी घालून दिला. नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडी या गावी १५ ऑगस्ट १९२२ रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईला ते पोटासाठी आले, कष्टाची कामे केली. अक्षरओळखही त्यांना मोठेपणीच झाली. पहिले गीत त्यांनी १९४३ साली रचले, आणि १५ मे २००४ रोजी देह ठेवीपर्यंत ते गातच राहिले. म्हणजे तब्बल साठ वर्षांची पायपीट. 'वाटचाल' (१९७३) आणि 'मोहळ' (१९७६) ही त्यांची पुस्तके निघाली, पण त्यांच्या हजारो गीतांतील फार मोठा भाग छापण्याआधीच लोकांच्या तोंडी गेला होता. १९९३ साली वर्ध्याला अखिल भारतीय आंबेडकरी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदाचा मान याच फिरत्या कवीला मिळाला.

साठ वर्षे एकच माणूस गात असताना समाज मात्र एका जागी उभा नव्हता. १९५६ ची दीक्षा झाली, त्याच वर्षी ६ डिसेंबरचा आघात झाला, रिपब्लिकन पक्ष उभा राहिला आणि फुटला. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्यानंतर सोळा वर्षे लढा चालला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. या प्रत्येक वळणावर आपल्या गायकांच्या वहीत नवी पाने आली आणि काही जुनी पाने मागे पडली. वामनदादांनी बाबासाहेबांचा गौरव गायला, तसे बाबासाहेबांच्या नावावर आपापली चूल मांडणाऱ्यांनाही त्यांनी गाण्यातूनच जाब विचारला. समोर पुढारी बसलेले असताना असे गाणे घेणे सोपे नव्हते. आज कोणी गायक तसे गाणे घेतो तेव्हा मंडपात क्षणभर शांतता पसरते, मग मागच्या बाजूने टाळी येते. ती टाळी कोणत्या वाडीत आली आणि कोणत्या वाडीत आली नाही, याचीही चर्चा आपले रसिक करतात. आमच्या मते ती चर्चा राजकारणातील पुष्कळ बैठकांपेक्षा मोलाची असते.

लढा संपला की त्याचे गाणे जुने होते, असे कोणी म्हणेल. तसे झालेही. नामांतराची गाणी १९९४ नंतर हळूहळू कमी झाली. पण काही घटना अशा असतात की त्या गाण्याला स्वस्थ बसू देत नाहीत. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे त्या भागात राहतात. त्यानंतरच्या जयंतीला नेहमीचीच गाणी म्हणून उठणे कोणत्या प्रामाणिक शाहिराला जमले असेल?

कॅसेट आली आणि फर्माईश बदलली

पूर्वीच्या आंबेडकरी जलशांची गोष्ट निराळी होती. सत्यशोधक जलशांच्या परंपरेतून हे जलसे उभे राहिले. भीमराव कर्डक यांच्यासारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा संदेश वाड्यावस्त्यांत नेला. गाणे, संवाद, फार्स, पोवाडा असा त्यांचा बांधा असे. धर्मांतरानंतर जलसे मागे पडत गेले आणि कव्वालीच्या बाजाची गायनपार्टी पुढे आली. दोन पार्ट्यांचा 'जंगी सामना' ठेवण्याची पद्धत रूढ झाली. कोकणच्या माणसाला सामना नवा नाही. जाखडीतील शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब तो पिढ्यान् पिढ्या ऐकत आला आहे. सामन्यात यादी आधी ठरवताच येत नाही. समोरच्याने शिक्षणावर गाणे टाकले की आपल्यालाही त्याच विषयावर त्यापेक्षा सरस गाणे काढावे लागते. ज्याच्या वहीत गाणी कमी तो हरला. म्हणून त्या काळातील गायकांच्या वह्या मोठ्या होत्या.

पुढे १९८० च्या सुमारास कॅसेटचा जमाना आला. एका टेपरेकॉर्डरभोवती सारी चाळ बसू लागली. स्वरसम्राट कालकथित प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज घरोघर पोहोचला. तोच आवाज भीमगीतांतही आणि विठ्ठलाच्या व गणपतीच्या गाण्यांतही घुमत होता. आपल्यातील काही मंडळींना ते रुचत नसे आणि त्यावरही पुष्कळ वाद झाले. पण ज्या गायकाला गाण्यावर घर चालवायचे आहे त्याला कोणते गाणे म्हणावे हे सांगण्याआधी त्याची बिदागी किती होती हेही विचारले पाहिजे. २३ जून २००४ रोजी प्रल्हाददादा गेले. वामनदादांना जाऊन तेव्हा दीड महिनाही झाला नव्हता. एकाच उन्हाळ्या-पावसाळ्यात आपला कवी आणि आपला आवाज, दोन्ही गेले. त्यांचे पुत्र आनंद, मिलिंद व दिनकर आणि आता नातवंडे ही परंपरा चालवीत आहेत. एकाच घरातील तीन पिढ्या आपण ऐकल्या, हे भाग्य थोडे नाही.

कॅसेटने गाणे घराघरांत नेले, हे तिचे उपकार. पण तिने फर्माईशही बदलली. पूर्वी श्रोता म्हणे, "बाबासाहेबांच्या विलायतेतल्या शिक्षणावर काहीतरी म्हणा." आता तो म्हणू लागला, "कॅसेटमधले अमुक गाणे म्हणा, आणि कॅसेटमध्ये आहे तसेच म्हणा." चाल जराशी बदलली की कुरकुर. लय जराशी उतरली की मागून शिट्टी. मग सीडी आली, मोबाईल आला, आणि आज तर मंचावर गायक आणि समोर डी.जे., अशी स्पर्धा लागते. कोणत्याही ज्येष्ठ गायकाच्या पुढ्यात येणाऱ्या चिठ्ठ्या पाहा. त्याच सात-आठ गाण्यांची नावे फिरून फिरून सापडतील.

लोकशाहीर विठ्ठल उमप यांचे उदाहरण येथे आठवते. कोळीगीत, भारूड, 'जांभूळ आख्यान' आणि भीमगीत अशा सर्व प्रकारांत त्यांचा हातखंडा. नाट्यगृहातील श्रोत्यांना ते आख्यानात रंगवीत आणि जयंतीच्या मंचावर भीमगीतांनी उभा मंडप पेटवीत. श्रोता बदलला की गाणे बदले, पण गाणारा माणूस बदलत नसे. २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रम चालू असताना मंचावरच ते कोसळले आणि त्यांची प्राणज्योत मालवली.

दहाचा ठोका

गाणी कमी का झाली, याचे खापर आपण गायकाच्या वयावर फोडतो. आम्ही पडलो कारकून, तेव्हा आकडेमोड करून पाहू.

पूर्वी रात्री दहाला पेटी उघडे आणि पहाटे पाचला बंद होई. एकूण सात तास. चहापाणी, बक्षिसे आणि सामन्यातील बोलाचाली यांचे दोन तास वजा केले तरी पाच तास गाणे होई. एका गाण्याला दहा मिनिटे धरली तर तीस गाणी झाली.

आता २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातून फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देता येते, आणि ते दिवस सरकारी आदेशाने ठरतात. आपल्या गावांतील संयुक्त जयंती तर चाकरमान्यांच्या रजा आणि मुलांच्या सुट्ट्या पाहून मे महिन्यात कोणत्याही तारखेला होते. तेव्हा दहा म्हणजे दहा. आजारी माणसे, परीक्षेची मुले आपल्याही घरात आहेत, म्हणून या नियमाविषयी आमची तक्रार नाही. पण पत्रिकेवर सायंकाळी सातची वेळ असते. वंदना, प्रतिमापूजन, स्वागत, शाली-श्रीफळे, देणगीदारांचा सत्कार आणि पाच वक्त्यांची 'दोन शब्दांची' भाषणे होईपर्यंत साडेआठ वाजतात. उरले नव्वद मिनिटे. त्यातील वीस मिनिटे "अमक्या अमक्यांकडून शंभर रुपये, जयभीम" अशा पुकाऱ्यात जातात. शिल्लक सत्तर मिनिटे, म्हणजे सात गाणी.

पूर्वी तीस होती, आज सात आहेत. मग गायकाने काय गाळायचे? एक बुद्धगीत, दोन भीमगीते, एक रमाईचे, दोन नाचाची आणि निरोपाचे एक, झाली सात. चवदार तळ्याचा लांबलचक पोवाडा गेला. दारूबंदीचे आणि हुंड्याचे गाणे गेले. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली शेतकरी परिषद झाली, १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, १० जानेवारी १९३८ रोजी शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला कौन्सिलवर गेला. हा तर आपल्याच मातीचा इतिहास. त्या लढ्याचे गाणे आपल्या मंचावर शेवटचे कधी ऐकले, आठवून पाहा.

शेवटचे कडवे

वेळ वाचविण्यासाठी गाण्यातील कडवीही गाळली जातात, आणि बहुधा शेवटचेच कडवे जाते. आपल्या परंपरेत कवीचे नाव त्याच कडव्यात असते. वामनदादांच्या गीतांत 'वामन' हे नाव शेवटी येते, तसेच गावोगावच्या कवींनीही आपापले नाव शेवटच्या कडव्यात विणले. ते कडवे गेले की कवी गेला. गाणे गायकाच्या नावावर राहते, नाहीतर 'पारंपरिक' म्हणून बेवारस होते. ज्याने कंदिलाच्या उजेडात जागून ते लिहिले, त्याच्या मुलाबाळांना मान नाही की मानधन नाही.

गेल्या उन्हाळ्यात जिल्ह्यातील एका वाडीत आम्ही एक प्रसंग पाहिला. गायक सत्तरी उलटलेले. मागून तरुणांची उडत्या गाण्याची मागणी चालू होती. त्यांनी हात जोडले आणि खालच्या पट्टीत एक जुने गाणे धरले. कोणी नाचले नाही. दोन कडवी झाली आणि तिसऱ्याला ते अडले. वही चाळली, सापडेना. पेटी नुसतीच वाजत राहिली. तेवढ्यात पहिल्या रांगेतील एका आजीने बसल्या जागेवरून ते कडवे म्हणायला सुरुवात केली. आवाज थरथरता होता पण शब्द स्वच्छ. गायकांनी माईक खाली पाठविला. आजीने तिसरे म्हटले, चौथे म्हटले, आणि चौथ्यात कवीचे नाव निघाले. ते नाव मंडपात कोणालाच ठाऊक नव्हते. गायकांनी कार्यक्रम थांबवून पेन मागितले आणि सर्वांसमोर ते कडवे वहीत लिहून घेतले. आजीला विचारले तेव्हा ती म्हणाली, "माझा बाप म्हणायचा रे. भात लावताना."

त्या रात्री सातऐवजी सहाच गाणी झाली. कार्यक्रमानंतर नेहमीप्रमाणे चर्चा झाली. "एक गाणे कमी झाले," असे काहींचे म्हणणे. आमच्या हिशेबात मात्र त्या रात्री एक गाणे आणि एक कवी जमेच्या बाजूला आले.

वाद दोन्ही बाजूंचा

आपल्या रसिकांत दोन तट आहेत. पहिल्या तटाचे म्हणणे असे : "आम्ही वर्षातून एकदा गावी येतो. वर्षभर वसई-विरारच्या गर्दीत लोंबकळतो. आम्हाला आमची आवडती गाणी ऐकू द्या. नवीन प्रयोग शहरात करा." हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. आवडते गाणे पुन्हा ऐकण्यात माणसाला आधार वाटतो. बापाबरोबर ऐकलेले गाणे बाप गेल्यावर ऐकताना बाप शेजारी बसल्यासारखा वाटतो.

दुसऱ्या तटाचे म्हणणे : "तीच ती सात गाणी किती वर्षे ऐकायची? शाळा बंद पडत आहेत, नोकऱ्या कंत्राटावर गेल्या, शिष्यवृत्ती वेळेवर येत नाही. यावर गाणे नको का? बाबासाहेबांचा जयजयकार करायचा आणि त्यांनी सांगितलेल्या प्रश्नांवर गप्प बसायचे, ही कसली जयंती?" हे म्हणणेही खरे आहे.

असा वाद जगात इतरत्रही चालतो. अमेरिकेत बॉब डिलन नावाचा कवी-गायक आहे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी जो विराट मोर्चा झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांचे गाजलेले भाषण ज्यात झाले, तेथे हा तरुण गायला होता. २०१६ साली त्याला साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८८ पासून तो जवळजवळ अखंड दौऱ्यावर आहे. कित्येक वर्षे तो आज एक गाणे तर उद्या दुसरे, आणि जुन्या गाण्याला नवीच चाल, असे करीत आला. श्रोत्यांना गाणे ओळखायलाच दोन ओळी जात. काही चिडत, तर काही त्यासाठीच पुन्हा पुन्हा जात आणि प्रत्येक गावच्या गाण्यांची नोंद ठेवीत. अलीकडे उतारवयात तो बरेचदा ठरलेलीच गाणी घेतो, तर त्यावरही कुरकुर होते. म्हणजे रसिक सगळीकडचे सारखेच! फरक एवढाच की त्याच्या गाण्यांची नोंद ठेवणारे पुष्कळ आहेत. आपल्या गायकांची नोंद आजीच्या स्मरणात आहे, आणि आजीचे वय ऐंशी आहे.

दोन्ही तटांना आम्हाला एवढेच सांगायचे आहे की भांडण गाण्यांचे नाही, वेळेचे आहे. सत्तर मिनिटांत दोघांचेही समाधान होणार नाही. वेळ वाढविणे आपल्या हाती आहे आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीचीही गरज नाही. भाषणे कमी करा, आणि सत्कार दुपारच्या सत्रात उरका.

मंडळांनी काय करावे?

जयंतीची तयारी करणाऱ्या स्थानिक व मुंबई मंडळांना, तसेच महिला मंडळांना आम्ही काही सूचना करू इच्छितो. त्यांना खर्च जवळजवळ नाही.

पहिली सूचना, पत्रिकेवर सातची वेळ असेल तर साडेसातला पेटी उघडलीच पाहिजे, असा ठराव बैठकीत करून घ्यावा. बक्षिसांची नावे गाण्याच्या मध्ये न पुकारता मध्यंतरात एकदम वाचावीत. गायकाचे बक्षीस बुडत नाही आणि श्रोत्यांचे गाणे तुटत नाही.

दुसरी, सुपारी देतानाच ज्येष्ठ गायकांना विनंती करावी की निदान दोन गाणी तुमच्या मनाची आणि संपूर्ण कडव्यांची घ्या. त्या दोन गाण्यांच्या वेळी चिठ्ठी पाठवू नये. गाण्याआधी कवीचे नाव जाहीर करावे.

तिसरी, प्रत्येक शाखेने एक वही करावी. तारीख, गाव, गायक, गाणे, कवी, एवढे रकाने पुरेत. बारावी झालेला कोणताही मुलगा किंवा मुलगी हे काम करील. जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. नऊ तालुक्यांच्या वह्या पाच वर्षांनी एकत्र केल्या तर कोणते गाणे कोठे जिवंत आहे आणि कोणते विझत आले आहे ते समजेल. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. नाचाचे चित्रण जरूर करा, पण आजीचे कडवेही त्यात येऊ द्या. विहारात एका दुपारी वाडीतील वयस्क बायांना बसवून त्यांना आठवतात ती गाणी म्हणायला सांगा. जात्यावरची, लावणीच्या वेळची, जुन्या मोर्चांची. यासाठी भात लावणी सुरू होण्यापूर्वीचा एखादा दिवस पुरतो.

चौथी सूचना पैशाची आहे आणि ती टाळून चालणार नाही. गायनपार्टीतील ढोलकीवाला, बेंजोवाला, कोरसवाला ही आपल्यासारखीच हातावर पोट असलेली माणसे. एप्रिल-मेच्या दोन महिन्यांच्या कमाईवर त्यांचे वर्षाचे गणित असते. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी कोरोनामुळे जयंतीचे मंडप पडले नाहीत. त्या दोन उन्हाळ्यांत या कलावंतांच्या चुली कशा पेटल्या असतील याचा विचार आपल्यातील किती जणांनी केला? डी.जे.ला आपण मागेल ती रक्कम आगाऊ मोजतो आणि सत्तरीतल्या गायकाशी पाचशे रुपयांसाठी घासाघीस करतो. ही रीत बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. बिदागी ठरलेली, ठरल्या वेळी आणि पाकिटात घालून सन्मानाने द्यावी.

तरुणांनाही एक सांगणे आहे. नाचा, जरूर नाचा. जयंती हा आपला आनंदाचा दिवस आहे आणि तो आनंद कोणी आपल्याला फुकट दिलेला नाही. पण ज्येष्ठ गायक खालच्या पट्टीत एखादे गाणे धरतील तेव्हा शिट्टी न मारता दहा मिनिटे थांबा. कदाचित ते गाणे त्यांनी मागच्या वर्षी कोठेच घेतले नसेल आणि पुढच्या वर्षी घेता येईल की नाही हे त्यांनाही ठाऊक नसेल. ते फक्त तुमच्या वाडीला मिळालेले असेल.

आणि उद्या सकाळी एस.टी. स्टँडवर चर्चा होईल तेव्हा "किती गाणी झाली?" याबरोबर आणखी एक प्रश्न जरूर विचारा, "कोणाची झाली?" उत्तर वहीत लिहून ठेवा.

जयभीम!